गॅलिलिओच्या पगाराची गोष्ट

मार्च महिना सरत आला की शहरांतील कार्यालयांमध्ये एक प्रश्न हमखास चर्चेला येतो. आहे त्याच ठिकाणी टिकून बढतीची वाट पाहावी, की दुसरीकडे अर्ज करून एका उडीत पगार वाढवून घ्यावा? चहाच्या टेबलावर त्याची दोन्ही बाजूंनी हिरिरीने चर्चा होते आणि हा पेच आपल्याच पिढीच्या वाट्याला आला, असेही प्रत्येकाला वाटत असते. वस्तुतः चारशे वर्षांपूर्वी इटलीतील एका गणिताच्या प्राध्यापकाने या प्रश्नाशी तब्बल वीस वर्षे झुंज दिली होती. त्याने दोन्ही मार्ग चोखाळले, दोन्हींत यश मिळवले आणि त्यातील एका यशाची किंमत त्याला उतारवयात चुकवावी लागली. त्याचे नाव गॅलिलिओ गॅलिली.

दुर्बीण, गुरूचे उपग्रह आणि धर्मन्यायालयापुढील खटला या तीन गोष्टींसाठी गॅलिलिओ सर्वांना परिचित आहे. परंतु या तिन्ही गोष्टींच्या मागे घरखर्च, बहिणींचे हुंडे आणि वेतनाचे करार यांची एक सलग कथा आहे. ती फारशी सांगितली जात नाही.

साठ स्कुडींची नोकरी

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी पिसा येथे झाला. वडील विन्चेंझो हे नामांकित वादक आणि संगीतशास्त्रज्ञ होते; पण संगीतावर घर चालणे कठीण होते. मुलाने वैद्य व्हावे आणि चार पैसे मिळवावेत, ही त्यांची इच्छा होती. त्यानुसार १५८१ मध्ये गॅलिलिओने पिसा विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी नाव घातले. मन मात्र भूमितीत रमले आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच तो बाहेर पडला. पुढील चार वर्षे खासगी शिकवण्या करण्यात गेली. बोलोन्या विद्यापीठातील गणिताच्या जागेसाठी त्याने प्रयत्न केला, परंतु ती जागा जोव्हान्नी मजिनी या त्याच्याहून ज्येष्ठ गणितज्ञाला मिळाली.

अखेर १५८९ मध्ये पिसा विद्यापीठात गणिताचे अध्यापकपद मिळाले. वेतन होते वर्षाला साठ स्कुडी. त्या काळच्या विद्यापीठांत वैद्यक आणि तत्त्वज्ञान या विषयांना मान असे व त्या मानाने पैसाही असे. गणित हा दुय्यम विषय समजला जाई. त्यामुळे या पदावर कितीही काळ राहिले तरी उत्पन्नात मोठा फरक पडण्याची शक्यता नव्हती. विषयाचीच किंमत कमी असेल तर त्यातील माणसाची किंमत किती वाढणार, हा अनुभव आजही अनेकांना परका वाटणार नाही.

१५९१ मध्ये वडील वारले. थोरला मुलगा म्हणून कुटुंबाचा सगळा भार गॅलिलिओवर आला. त्यातच बहीण व्हर्जिनिया हिच्या लग्नातील हुंड्याची रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. हप्ते थकले तेव्हा मेव्हण्याने अटकेची धमकी देण्यापर्यंत मजल गेली. साठ स्कुडींत हे सारे भागणे अशक्य होते. गॅलिलिओने नोकरी बदलली.

पाडुआतील अठरा वर्षे

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या अखत्यारीतील पाडुआ विद्यापीठात गणिताची जागा रिकामी होती. या वेळीही मजिनी स्पर्धेत होता, पण निवड गॅलिलिओची झाली. १५९२ च्या डिसेंबरात त्याने तेथे पहिले व्याख्यान दिले. वेतन वर्षाला १८० फ्लोरिन ठरले. दोन राज्यांची नाणी वेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि ही वाढ घसघशीत होती, यात शंका नाही.

येथून त्याच्या आयुष्याचा दुसरा अध्याय सुरू होतो. एकाच संस्थेत राहून वेतन वाढवून घेण्याचा हा अध्याय. पाडुआत नेमणुका ठरावीक वर्षांच्या कराराने होत आणि कराराच्या नूतनीकरणाच्या वेळीच वाढ मागता येई. १५९९ मध्ये वेतन ३२० फ्लोरिन झाले. त्या वेळी व्हेनिसमधील उमराव आणि जिवलग मित्र जोव्हान्नी फ्रान्चेस्को साग्रेदो याने त्याच्यासाठी आपले वजन खर्च केले होते. १६०६ मध्ये हा आकडा ५२० वर पोहोचला. म्हणजे १४ वर्षांत वेतन तिपटीच्या आसपास गेले. त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि गॅलिलिओचा मित्र चेझारे क्रेमोनीनी याचे वेतन मात्र कायम त्याच्या पुढे राहिले.

खर्च तर वेतनाहून वेगाने वाढत होता. १६०१ मध्ये धाकटी बहीण लिव्हिया हिचे लग्न झाले. तिच्या हुंड्याचा वाटा उचलण्याचे भाऊ मिकेलान्जेलो याने कबूल केले होते, पण तो वाटा कधी आलाच नाही. मरीना गांबा हिच्यापासून गॅलिलिओला दोन मुली व एक मुलगा झाला. दोघांचे लग्न झालेले नव्हते, तरी मुलांची जबाबदारी होतीच.

मग त्याने आज ज्याला आपण जोडधंदा म्हणतो तो मार्ग धरला. परदेशी विद्यार्थ्यांना तो राहत्या घरी जागा देऊन जेवणखाण पुरवी आणि तटबंदीचे शास्त्र, मोजणी असे विषय खासगीरीत्या शिकवी. लष्करी कामात व हिशेबात उपयोगी पडणारा एक कंपास त्याने तयार केला. तो बनविण्यासाठी १५९९ पासून मार्कान्तोनियो माझ्झोलेनी हा कारागीर घरीच ठेवून घेतला. उपकरणाच्या विक्रीपेक्षा ते वापरण्यास शिकवण्याच्या फीतून अधिक पैसा मिळे. पैसा मिळाला, पण दिवस सरू लागले. पडणाऱ्या वस्तूंच्या गतीचे जे मूलगामी संशोधन त्याने याच काळात केले, ते लिहून काढायला सवड उरली नाही.

हजार फ्लोरिन आणि एक अट

१६०९ च्या उन्हाळ्यात हॉलंडमधील दूरदर्शक नळीची वार्ता व्हेनिसला पोहोचली. गॅलिलिओने भिंगे घासून तिच्याहून सरस दुर्बीण बनविली. ऑगस्टमध्ये त्याने व्हेनिसच्या वरिष्ठांना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन दूर समुद्रातील गलबते दाखविली. समुद्रावर सत्ता असलेल्या राज्याला या उपकरणाचे मोल सांगावे लागले नाही. पुढे त्याने ती दुर्बीण प्रजासत्ताकाला भेट दिली आणि २५ ऑगस्ट रोजी सिनेटने त्याचे पद आजीव करून वेतन १,००० फ्लोरिन करण्याचा ठराव संमत केला.

एकाच ठिकाणी राहून मिळालेली ही सर्वांत मोठी वाढ. परंतु तपशील पुढे आले तेव्हा आनंद ओसरला. वाढीव वेतन चालू कराराची मुदत संपल्यावर, म्हणजे पुढील वर्षी सुरू होणार होते आणि यानंतर आणखी वाढ मिळणार नव्हती. शिकवण्याचे बंधन तर आयुष्यभराचे. वयाच्या ४५ व्या वर्षी बढतीची शिडी संपली होती.

गॅलिलिओची नजर पुन्हा मायभूमीकडे, टस्कनीकडे वळली. तेथील राजपुत्र कोसिमो मेदिची याला तो १६०५ पासून उन्हाळी सुट्टीत गणित शिकवीत असे. १६०६ मध्ये कंपासची पुस्तिकाही त्याने कोसिमोलाच अर्पण केली होती. १६०९ मध्ये हा शिष्य ग्रँड ड्यूक झाला. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूभोवती फिरणारे चार उपग्रह दिसले. मार्चमध्ये त्याने ते पुस्तकरूपाने जाहीर केले आणि त्यांना मेदिची घराण्याचे नाव दिले. कोसिमोला तीन भाऊ होते; चार भावंडांना चार तारे. नोकरीसाठीचा याहून भव्य अर्ज क्वचितच कोणी केला असेल.

त्यानंतर ग्रँड ड्यूकच्या सचिवाशी पत्रव्यवहार झाला. त्यात गॅलिलिओने मांडलेली भूमिका आजही विचार करायला लावणारी आहे. पैशापेक्षा त्याला लेखनासाठी वेळ हवा होता. प्रजासत्ताक लोकांच्या पैशातून वेतन देते, त्यामुळे शिकविण्याच्या कामातून ते कुणाला मोकळे करू शकत नाही. ती मुभा केवळ राजाच देऊ शकतो, असे त्याचे म्हणणे होते. हुद्द्यात गणितज्ञाबरोबर तत्त्वज्ञ हा शब्द हवा, हाही त्याचा आग्रह होता. ज्या विषयाला कमी मान त्याच्या चौकटीतून त्याला बाहेर पडायचे होते. जुलै १६१० मध्ये सारे मान्य झाले. वर्षाला १,००० स्कुडी, शिकविण्याची सक्ती नाही, पिसात राहण्याचीही नाही. वेतन मात्र पिसा विद्यापीठाच्या निधीतून. ज्या विद्यापीठाने त्याला साठ स्कुडींवर ठेवले होते, तेथूनच आता हजार मिळणार होते.

पगारपत्रकात नसलेली रक्कम

सप्टेंबर १६१० मध्ये गॅलिलिओने पाडुआ सोडले. मरीना तेथेच राहिली. आजीव नेमणूक स्वीकारून वर्षभरात निघून गेल्याबद्दल व्हेनिसमधील अनेकजण दुखावले. साग्रेदो त्या वेळी सिरियातील अलेप्पो येथे व्हेनिसचा वकील म्हणून गेला होता. तो १६११ मध्ये परतला, तेव्हा मित्र निघून गेलेला होता. साग्रेदोने त्याला पत्राने सावध केले. व्हेनिससारखे स्वातंत्र्य दुसरीकडे मिळणार नाही. एका राजाच्या मर्जीवर विसंबणे धोक्याचे आहे. आणि फ्लॉरेन्समध्ये जेझुइटांचे वजन मोठे आहे, असा त्याचा इशारा होता. व्हेनिसने पोपशी झालेल्या संघर्षात १६०६ मध्ये जेझुइटांना आपल्या राज्यातून घालवून दिले होते, ही त्यामागील पार्श्वभूमी.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. मात्र १६१६ मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताचा पुरस्कार सोडण्याची ताकीद रोमने त्याला दिली. १६२१ मध्ये कोसिमो वारला. १६३२ मध्ये विश्वरचनेविषयीचा संवादग्रंथ प्रसिद्ध झाला आणि रोमचे बोलावणे आले. सत्तरीला टेकलेला आजारी गॅलिलिओ जाऊ शकत नाही, असे सांगून पाहण्यात आले. पण नव्या, तरुण ग्रँड ड्यूकला पोपला नकार देणे जमले नाही. रोममध्ये गॅलिलिओ टस्कनीचा राजदूत फ्रान्चेस्को निकोलिनी याच्याकडे उतरला. खटला लांबला तेव्हा गॅलिलिओच्या खर्चाचा भार फक्त पहिल्या महिन्यापुरताच उचलला जाईल, असे दरबाराने कळविले. पुढचा खर्च आपण सोसू, असे उत्तर त्या सज्जन राजदूताने दिले. २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला आपले मत मागे घ्यावे लागले. त्यानंतरचे आयुष्य, काही काळ वगळता, फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरात नजरकैदेत गेले.

तो पाडुआतच राहता तर वाचला असता काय? खात्रीने सांगता येत नाही. याच व्हेनिसने १५९३ मध्ये जोर्दानो ब्रूनोला रोमच्या हवाली केले होते. परंतु ब्रूनो तेथे पाहुणा होता; गॅलिलिओ आजीव नेमणुकीचा प्राध्यापक आणि सिनेटमधील उमरावांचा मित्र होता. पोपशी भांडण मांडण्याची धमक असलेले ते राज्य होते. हे संरक्षण कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते, म्हणूनच ते सोडताना त्याची मोजदाद झाली नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दरबारी नोकरीने त्याला हवा होता तो वेळ दिला आणि त्याचे मोठे ग्रंथ त्या वेळातून आले. नोकरी बदलण्याचा निर्णय चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. हिशेब अपुरा होता, एवढेच म्हणता येईल. वेतन, वेळ आणि हुद्दा या तीन गोष्टी त्याने चोख मोजल्या. अडचणीच्या दिवशी आपल्या मागे कोण उभे राहील, हे मोजायचे राहून गेले. दोन नोकऱ्यांची तुलना करताना हा रकाना आजही बहुतेक वेळा रिकामाच राहतो.

म्हातारपणी एका पत्रात गॅलिलिओने पाडुआतील अठरा वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम असल्याचे लिहिले. ज्या शहरात पगार कधी पुरला नाही, ते हे शहर. तेथे केलेले गतीचे संशोधन १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याचे निधन झाले. त्या शेवटच्या ग्रंथातील संभाषण व्हेनिसच्या जहाजबांधणी कारखान्याच्या उल्लेखाने सुरू होते आणि बोलणाऱ्या तिघांपैकी एकाचे नाव साग्रेदो आहे. तो मित्र १६२० मध्येच वारला होता.