शाळेतल्या बाई ते प्रोग्रामर : डोरोथी वॉन

अमेरिकेतील गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. तेव्हापासून कृष्णवर्णीयांचा लढा आमच्या वाचकांना परका राहिलेला नाही. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स ही नावे आमच्या व्याख्यानांतून येतच असतात. पण फळ्यावर बीजगणित शिकवणारी एक बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर यंत्राची भाषा शिकली आणि नासासारख्या संस्थेत प्रोग्रामर झाली, तिचे नाव आमच्यापर्यंत उशिरा आले, तेही चित्रपटामुळे. त्या डोरोथी वॉन. आज शिक्षण एका विषयाचे आणि पोटापाण्यासाठी संगणक शिकायचा, अशी वेळ आमच्या कितीतरी मुलामुलींवर आली आहे. म्हणून हे चरित्र नीट पाहू या.

डोरोथीबाईंचा जन्म २० सप्टेंबर १९१० रोजी मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. पुढे घर वेस्ट व्हर्जिनियात गेले. मुलगी हुशार होती, शाळेत पहिली आली. चर्चच्या शिष्यवृत्तीवर ती ओहायोतील विल्बरफोर्स या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात दाखल झाली आणि १९२९ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, गणिताची पदवीधर झाली. प्राध्यापकांनी पुढे शिकण्याचा आग्रह धरला. पण त्याच वर्षी महामंदी कोसळली. घराला हातभार लावणे भाग होते. बाईंनी उच्च शिक्षण बाजूला ठेवले आणि मास्तरकी पत्करली.

व्हर्जिनियातील फार्मव्हिल या गावी, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या मोटन हायस्कूलमध्ये त्या गणित शिकवीत. पती हॉवर्ड हे हॉटेलांतून सामान वाहण्याचे काम करीत, हंगामाप्रमाणे गावोगाव जात. घरात चार मुले होती, पुढे आणखी दोन झाली. शिक्षिकेचा पगार तुटपुंजा. म्हणून १९४३ च्या उन्हाळी सुट्टीत या गणिताच्या पदवीधर बाईंनी लष्करी छावणीच्या धुलाईखान्यात सैनिकांचे कपडे हाताळण्याचे काम केले, ताशी ४० सेंट मजुरीवर! गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा धुलाईखाना लक्षात ठेवावा. गुणवत्ता बाईंकडे १९२९ पासूनच होती. तिला विचारणारे कोणी नव्हते.

मग विचारणारे कुठून आले? युद्ध पेटले होते, विमाने हवी होती, माणसे कमी पडत होती, हे खरे. पण एवढ्याने दार उघडले नसते. रेल्वेतील कृष्णवर्णीय कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी हजारो लोकांचा मोर्चा वॉशिंग्टनवर नेण्याचा इशारा दिला. त्या दबावाखाली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ रोजी ८८०२ क्रमांकाचा आदेश काढला आणि युद्धसामग्रीचे कारखाने व सरकारी खाती यांतील भरतीत वंशभेद करण्यास बंदी घातली. मोर्चा रद्द झाला, आदेश राहिला. संघटित माणसांनी सरकारला वाकवले, त्याचे फळ फार्मव्हिलच्या एका शिक्षिकेपर्यंत पोहोचले ते असे.

डिसेंबर १९४३ मध्ये डोरोथीबाई मुलांना आप्तांकडे ठेवून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर हॅम्प्टन येथे गेल्या आणि लँगले विमानविद्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या. पगार शाळेच्या दुपटीहून जास्त. पदाचे नाव ‘कॉम्प्युटर’. वाचकांनी चकित होऊ नये. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, आणि बहुधा बाईच. गोऱ्या बायका लँगलेत १९३५ पासून हे काम करीत होत्या. कृष्णवर्णीय बायकांना १९४३ साली घेतले, पण त्यांच्यासाठी पश्चिम भागात वेगळी कचेरी, वेगळे संडास, आणि उपाहारगृहात पाटी लावलेले वेगळे टेबल! आमच्याकडच्या वेगळ्या पाणवठ्याची आणि वेगळ्या कपबशीची आठवण कोणाला होणार नाही? मिरियम मान नावाच्या त्यांच्या सहकारी ती पाटी उचलून पर्समध्ये टाकीत. नवी पाटी आली की तीही. एके दिवशी पाट्या येणे बंद झाले.

कामाचे स्वरूप सांगायला हवे, कारण पुढचा सारा उलगडा त्यात आहे. हवेच्या बोगद्यात विमानाच्या पंखांच्या चाचण्या होत, त्यांचे आकडे या बायकांकडे येत. इंजिनिअर समीकरण देई. त्या समीकरणाचे लहान लहान टप्पे पाडायचे, मोठ्या कागदावर एकेका टप्प्याचा रकाना आखायचा, आणि टेबलावरच्या गणनयंत्रावर एकेक ओळ सोडवत जायचे. कोणता टप्पा आधी, कोणता नंतर, कोणते उत्तर पुढे कुठे वापरायचे, हे ठरवणे हीच खरी अक्कल. आकडे दाबणे हा त्यातला सोपा भाग.

१९४९ साली या कचेरीच्या गोऱ्या प्रमुख वारल्या आणि जबाबदारी डोरोथीबाईंकडे आली. पण तात्पुरती! कायम प्रमुख म्हणून त्यांचे नाव लागायला १९५१ साल उजाडले. त्या संस्थेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षक. गणनयंत्रावर बीजगणित सोडवण्याच्या रीतींची एक पुस्तिका त्यांनी गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर तयार केली. आपल्या हाताखालच्या मुलींच्या बढतीसाठी त्या भांडत, आणि दुसऱ्या विभागातील गोऱ्या मुलींवर अन्याय झाला तर त्यांच्यासाठीही शब्द टाकीत. कॅथरीन जॉन्सन १९५३ साली आल्या, तेव्हा त्यांना दोन आठवड्यांत उड्डाण संशोधन विभागात पाठवणाऱ्या याच. पुढे १९६२ साली जॉन ग्लेन यांच्या अवकाश प्रदक्षिणेचे आकडे कॅथरीनबाईंनी हाताने तपासले, हे आता जगाला माहीत आहे. त्यांना ओळखणारी नजर कोणाची होती, हे कमी सांगितले जाते.

मग यंत्रे आली. आयबीएमचा संगणक शेकडो बायकांचे काम गिळणार, हे उघड होते. अशा वेळी माणसे दोन गोष्टी करतात. यंत्राला शिव्या देतात किंवा आपले दिवस भरले म्हणून गप्प बसतात. डोरोथीबाईंनी दोन्ही केले नाही. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान ही भाषा आणली होती. सूत्र जवळजवळ बीजगणितासारखे लिहावे आणि यंत्राने ते स्वतःच्या आज्ञांत उतरवून घ्यावे, अशी तिची रचना. ही भाषा बाई स्वतः शिकल्या आणि आपल्या सहकारी बायकांनाही शिकवली. आतली शिक्षिका गेली नव्हती!

शिकणे सोपे नव्हते. एकेक ओळ एकेका पंच कार्डावर भोके पाडून उतरवायची. पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकाचे, सहावा आधीची ओळ पुढे चालू आहे हे सांगणारा, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष सूत्र. अक्षर चुकीच्या रकान्यात पडले की सगळी फेरी वाया. कार्डांचा गठ्ठा यंत्रखोलीत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. पण ज्या बाईने पंधरा वर्षे समीकरणांचे टप्पे पाडले आणि माणसांना वाटून दिले, तिला तेच टप्पे यंत्राला सांगायचे होते. जुने ज्ञान फुकट गेले नाही, उलट तेच भांडवल झाले. पदवीचा प्रश्न तर नव्हताच. अमेरिकेतील पहिला संगणकशास्त्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली निघाला. त्याआधी गोरा काय आणि काळा काय, या विषयाची पदवी कोणाकडेच नव्हती. गोऱ्यांच्या ग्रंथालयातून बाई पुस्तक घेऊन येतात, असा प्रसंग चित्रपटात आहे. तो चित्रपटाचा म्हणून पाहावा.

इथवर गोष्ट गोड वाटते. पुढचे ऐका. १९५८ साली जुन्या संस्थेची नासा झाली आणि वेगळ्या कचेऱ्या बंद झाल्या. भेदाची भिंत पडली, चांगलेच झाले. पण त्या भिंतीबरोबर डोरोथीबाईंचे प्रमुखपदही गेले. त्या नव्या संगणन विभागात गेल्या. तेथे गोरे-काळे, स्त्री-पुरुष एकत्र काम करीत. स्काउट या लहान उपग्रह सोडणाऱ्या अग्निबाणाच्या कामात त्यांनी भाग घेतला. फोरट्रानमधील जाणकार म्हणून त्यांचा लौकिक झाला. मात्र पुन्हा प्रमुखपद मागितले, ते मिळाले नाही. कळपापुरते पुढारीपण चालते, सर्वांवर अधिकार चालत नाही, हा अनुभव आमच्या अधिकारी बंधू-भगिनींना नवा आहे काय?

त्यांच्या जुन्या शाळेचेही सांगितले पाहिजे. मोटन हायस्कूलच्या मुलांनी १९५१ साली, सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या पुढाकाराने, डांबरी कागदाच्या खोपट्यांतील वर्गांविरुद्ध संप केला. तो खटला ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवला. तेव्हा तेथील गोऱ्या पुढाऱ्यांनी काय केले? काळ्या मुलांशेजारी आपली मुले बसू नयेत म्हणून १९५९ पासून १९६४ पर्यंत जिल्ह्यातील सरकारी शाळाच बंद ठेवल्या! हॅम्प्टनमध्ये बाई यंत्राला सूत्रे शिकवीत होत्या, त्या वर्षांत फार्मव्हिलच्या काळ्या मुलांना पाढे शिकवायला सरकारी शाळा नव्हती. आमच्या मते ही दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय डोरोथीबाईंचे चरित्र वाचूच नये. एकटीच्या जिद्दीची कथा म्हणून ते विकले जाते, आणि रँडॉल्फ, बार्बरा जॉन्स त्यातून गळून पडतात.

डोरोथीबाई १० नोव्हेंबर २००८ रोजी वारल्या, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. मार्गो ली शेटर्ली यांचे पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट २०१६ साली आला. अमेरिकी काँग्रेसने २०१९ साली त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक जाहीर केले. १९ जुलै २०२४ रोजी ह्यूस्टन येथील नासाच्या केंद्रातील एका इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. १९७१ साली अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्या एक प्रोग्रामर होत्या, आणि मागितलेली प्रमुखपदाची जागा त्यांना कोणी दिलेली नव्हती.