गायरानासाठी आसूड ओढणारे जोतीराव

बदलापूरच्या आसपास गाई-म्हशी पाळणाऱ्याला विचारा, पहिली अडचण कोणती? तो सांगेल, चाराई. माळ होते तिथे प्लॉट पडले, पेंढ्याला पैसा मोजावा लागतो. हे दुखणं जुनं आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ते १८८३ साली कागदावर मांडलं.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, माळी घराण्यातला. मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा, १८७३ साली सत्यशोधक समाज, हे आपण शाळेत शिकलो. पण ते मांजरीला शेतीही करीत, हे फारसं कोणी सांगत नाही. जनावर अर्धपोटी राहिलं की दूध आटतं, बैल नांगराला टिकत नाही आणि शेणखतही घटतं, हा हिशेब त्यांना घरचाच होता.

१८७८ साली इंग्रज सरकारने जंगल कायदा केला. डोंगर, दऱ्याखोरी आणि गावोगावची गायरानं जंगलखात्याकडे जाऊ लागली. थोडी जमीन असलेला कुणबी रानमेव्यावर आणि गायरानात चरणाऱ्या एक-दोन गाई-शेळ्यांवर कसाबसा तग धरी. त्याचा तो आधारच तुटला. आपल्या ठाणे जिल्ह्यात तर इतकी ओरड झाली, की सरकारला जंगलाच्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला.

‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जोतीरावांनी नुसतं रडगाणं गायलं नाही, उपायही सांगितले. गायरानं गावाला परत द्या, मात्र विक्रीसाठी इमारती लाकूड तोडायला सक्त बंदी ठेवा. डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला, म्हणजे पाणी मुरेल आणि पालापाचोळ्याचं खत वाहून जाणार नाही. म्हणजे हक्क गावाचा आणि राखणही गावाचीच.

१८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

पुढे काळ बदलला. जमीन महसूल कायद्याच्या कलम २२ प्रमाणे गुरचरण राखून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पण कागद गुरं राखत नाही. सरपंच मंडळींनी पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा सातबारा वाचून दाखवावा, मोजणी मागावी. उरलेल्या माळाचे भाग पाडून पावसाळ्यात एकेका भागाला आळीपाळीने चराईबंदी ठेवावी. गवताला बी धरू दिलं, तरच पुढच्या साली कुरण उगवेल.