सर लुईस ली फर्मर : जुन्या दगडांना क्रम लावणारा माणूस



आपल्या हट्टा-वसमत भागात मुलांना दगड म्हटलं की काळा दगडच आठवतो. विहीर खोदा, शेत नांगरा, तोच निघतो. हा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. पण महाराष्ट्र फक्त एवढाच नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडतो आणि नागपूरच्या पुढे पूर्वेला तर बेसाल्टची चादर संपूनच जाते. तिथले खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांना ओळख मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या सर लुईस ली फर्मर यांचा हा परिचय.

जन्म, शिक्षण आणि भारतात आगमन

फर्मर यांचा जन्म १८ सप्टेंबर १८८० रोजी लंडनमध्ये झाला. घरची परिस्थिती साधारण होती. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये त्यांनी शिक्षण घेतलं आणि १९०२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. तेव्हा मध्य प्रांतात मँगनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पोलाद बनवायला मँगनीज लागतं, त्यामुळे मागणी वाढत होती. पण हे खनिज जमिनीत कुठे आणि का सापडतं, हे नीट कळलेलं नव्हतं. हेच काम तरुण फर्मर यांच्याकडे आलं.

अडचण काय होती?

गाळाचे खडक थरावर थर साचून बनतात. खालचा थर जुना, वरचा नवा, हे आपण वर्गात शिकवतोच. थरात जीवाश्म असतील तर वय ठरवणं आणखी सोपं. पण छिंदवाड्याच्या सौसरपासून नागपूर, भंडारा ते बालाघाटपर्यंत पसरलेले हे खडक जमिनीत खोल दाबले गेले, तापले, त्यांना घड्या पडल्या. वाळूच्या थरांचा क्वार्टझाइट झाला, चिखलाचा शिस्ट झाला, चुनखडकाचा संगमरवर झाला. जीवाश्मांचा आधार नाही. काही ठिकाणी थर उभे राहिलेले, काही ठिकाणी तर पार उलटलेले. अशा वेळी आधीचं कोण आणि नंतरचं कोण, हे ठरवायचं कसं?

फर्मर यांचा मार्ग साधा पण चिकाटीचा होता. प्रत्यक्ष फिरायचं, नकाशा काढायचा, प्रत्येक दगडात कोणती खनिजं आहेत ते बघायचं आणि त्याच्या शेजारी कोणता दगड येतो याची नोंद ठेवायची. हीच शेजाऱ्यांची जोडी दुसऱ्या गावातही दिसली, तर दोन्ही ठिकाणचा थर बहुधा एकच. असं करत करत तुकडे जुळतात.

गोंडाइट आणि मोठा ग्रंथ

१९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा त्यांचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांनी बनलेल्या खडकाला त्यांनी नाव दिलं गोंडाइट. या भागातल्या गोंड समाजावरून हे नाव आलं आणि आज जगभरचे भूशास्त्रज्ञ ते वापरतात. हा खडक मुळात मँगनीज मिसळलेला गाळच, जो पुढे उष्णता आणि दाबाने बदलला, असं त्यांनी मांडलं. म्हणजे खनिज कुठेही नाही, तर ठरावीक थरांच्या सोबतीने शोधायचं! खडकांचं वर्गीकरण म्हणजे नुसती पाठांतराची यादी नाही, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

आपल्या काळ्या दगडाकडेही त्यांनी दुर्लक्ष केलं नाही. भुसावळला कोळशाच्या शोधात १२१७ फूट खोल छिद्र पाडलं होतं. त्यातून निघालेल्या दगडांचा अभ्यास करून लाव्ह्याचे २९ वेगवेगळे थर त्यांनी ओळखले. एवढं खोल जाऊनही बेसाल्टचा तळ लागला नव्हता.

मानसन्मान आणि घरची बाजू

फर्मर पुढे खात्याचे संचालक झाले. १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष होते, १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९३५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे, ते पहिले अध्यक्ष. छिंदवाड्यातल्या सीतापार इथल्या एका खनिजाला फर्मोराइट असं त्यांचं नाव दिलं गेलं.

पण या कामाची किंमतही होती. मुलगा इंग्लंडमध्ये वाढला, बाप हिंदुस्थानात डोंगर तुडवत राहिला. बापलेकांची भेट क्वचितच व्हायची. संसारही टिकला नाही. हा मुलगा म्हणजे पुढे प्रवासवर्णनांसाठी गाजलेले लेखक पॅट्रिक ली फर्मर.

निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय द्वीपकल्पातल्या सगळ्या प्राचीन शिस्ट खडकांची एकमेकांशी सांगड घालण्याचा मोठा प्रयत्न लिहून काढला. ग्रंथाच्या नावातच त्यांनी प्रयत्न हा शब्द ठेवला होता. २४ मे १९५४ रोजी त्यांचं इंग्लंडमध्ये निधन झालं.

काम पुढे गेलं

१९३६ मध्ये डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी रामटेकजवळच्या देवलापार भागात दाखवून दिलं की तिथे खडकांचा मोठा पट्टा सरकून दुसऱ्या खडकांवर चढून बसला आहे. १९६३ मध्ये सौसर समूहाचा सुधारित क्रम प्रसिद्ध झाला : सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवाणी, बिछुआ. बघा, सगळी आपल्याच गावखेड्यांची नावं! मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीज खाणी याच पट्ट्यात आहेत.

वर्गात करून बघा

तीन-चार रंगांच्या मातीच्या पट्ट्या एकावर एक ठेवा. बाजूंनी दाबून घडी घाला आणि वरचा भाग सुरीने कापा. मग ज्यांनी घडी घालताना पाहिलं नाही अशा मुलांना बोलवा आणि कोणता थर आधी ठेवला होता ते विचारा. मुलं भांडतील, पुरावे देतील, मत बदलतील. बदलू द्या. उत्तर लगेच सांगू नका, कारण फर्मर आणि त्यांच्यानंतरच्या भूशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हेच केलं.