नगरच्या किल्ल्यातले दोन कणे

आमच्या नगरचा (आता अहिल्यानगरचा) भुईकोट किल्ला पाहायला पाहुणा आला, की आपण त्याला नेहरूंची खोली दाखवतो, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले गेले असे सांगतो आणि पुढे सरकतो. मीही तेच करीत आलो. पण दोनेक वर्षांपूर्वी माझी पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी मणक्यांपेक्षा माझ्या काळज्यांचीच चौकशी अधिक केली. तेव्हापासून त्या खोलीत गेलो, की मला पुस्तकाआधी त्या माणसाची पाठ आठवते.

त्या पाठीची कथा लखनौपासून सुरू होते. नोव्हेंबर 1928. सायमन कमिशनविरुद्धच्या निदर्शनांत सोळा जणांची एक तुकडी घेऊन नेहरू निघाले होते. घोडेस्वार पोलिस अंगावर आले. पाठीत लाठ्या बसल्या. आडोशाला पळावे असे क्षणभर त्यांनाही वाटले, हे त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. पण मागे आपली माणसे होती. ती पाहत असताना पाठ फिरवणे जमेना. माणूस ताठ उभा राहतो तो नुसत्या स्नायूंच्या बळावर नव्हे. पुष्कळदा मागे उभे असलेले लोकच त्याला उभा ठेवतात.

दुसऱ्या दिवशीच्या माराच्या वेळी शेजारी गोविंद वल्लभ पंत होते. सहा फुटांहून उंच, त्यामुळे लाठीला आयतेच सापडणारे. त्या दुखापतीने पुढे दीर्घकाळ त्यांना पाठ सरळ करता आली नाही. म्हणजे लाठ्या दोघांनी खाल्ल्या. एकाचा कणा सावरला, दुसऱ्याचा वाकला.

हे दोघेही ऑगस्ट 1942 मध्ये नगरच्या किल्ल्यात येऊन पडले. मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे मिळून बारा जण. अडीच वर्षांहून अधिक मुक्काम. नेहरूंनी इथे कुदळ हाती घेतली आणि वाफे केले. जमीन खडकाळ, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. खणताना त्यांना या किल्ल्यासाठी लढलेली चांदबिबी आठवली. तुरुंगात व्यायामाचा नेम ते कसोशीने पाळत. शीर्षासनाची गोडी तर आधीपासूनचीच, आणि त्याचा फायदा शरीरापेक्षा मनाला अधिक होतो असे त्यांचे म्हणणे. त्या उलट्या, काहीशा हास्यास्पद अवस्थेमुळे स्वभावातली चिडचिड ओसरते, असा त्यांचा अनुभव होता. (आमच्या घरात हा प्रयोग मला कुणी करू देणार नाही.)

एप्रिल ते सप्टेंबर 1944, अवघ्या पाच महिन्यांत ग्रंथ झाला. त्यात गांधीजींच्या आगमनाविषयी जे लिहिले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. फौजेची, पोलिसांची, जमीनदाराच्या कारकुनाची, सावकाराची भीती लोकांच्या मनातून उतरली, आणि हा बदल मानसोपचारतज्ज्ञाने रोग्याच्या मनातली जुनी गाठ सोडवावी तसा होता, अशा अर्थाचे ते विवेचन आहे. 1920 साली अवधच्या किसानांत हिंडताना दबलेली माणसे त्यांनी जवळून पाहिली होती. सावकाराच्या ओट्याखाली उभे राहणारे कूळ कसे उभे राहते, हे आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना निराळे सांगायला नको. तो बाक ओझ्याचा कमी आणि धाकाचा जास्त असे.

पंतजींची पाठ अधू झाली खरी, पण त्यांचा करारीपणा तसूभर कमी झाला नाही. उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्रीपद, मग 1955 पासून देशाचे गृहमंत्रीपद त्यांनी पेलले. पाठीवरून माणूस ओळखू पाहणाऱ्यांनी त्यांच्यापाशी थोडे थांबावे.

नेहरूंचे नेमके उलट झाले. ऑक्टोबर 1962 मध्ये चीनचे आक्रमण झाले. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनीच घाव घातला आणि लोकसभेत टीकेचा भडिमार झाला. वय त्र्याहत्तर, त्याच वर्षी एप्रिलमध्ये मूत्रपिंडाचे दुखणे होऊन गेलेले. सारा दोष मनाला देता येणार नाही. तरी त्याआधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहा. जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा माणूस खांदे पाडून चालताना दिसतो. लखनौच्या लाठीला जे जमले नव्हते, ते या दुःखाने केले असे मला वाटते.

ते पाहायला पंतजी राहिले नव्हते. 7 मार्च 1961 लाच ते गेले. जानेवारी 1964 मध्ये भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला आणि 27 मे रोजी दिल्लीत त्यांचा अंत झाला.