इतिहासाचार्य राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली सध्याच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. पुण्यास उच्च शिक्षण घेतल्यावर त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास आरंभिला. त्या काळी हा इतिहास मुख्यत्वे ग्रँट डफच्या इंग्रजी ग्रंथावरून व बखरींवरून सांगितला जाई. परंतु पुष्कळशा बखरी प्रसंग घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लिहिलेल्या होत्या. ज्या दिवशी प्रसंग घडला, त्याच सुमारास लिहिलेले पत्र अधिक विश्वसनीय होय, असे राजवाडे यांनी मानले.

अशी पत्रे जुन्या वाड्यांतून रुमालांत बांधून पडली होती. कित्येकांना वाळवी लागत होती. आज शोध घेतला नाही तर ती कायमची नष्ट होतील, हे जाणून राजवाडे गावोगाव हिंडू लागले. कोणत्या घराण्याने कोणती कामगिरी केली, हे आधी ध्यानी घेऊन ते त्याच घराण्याचे दप्तर पाहू इच्छीत. पुष्कळ लोक कागद दाखविण्यास कचरत; राजवाडे त्यांची मनधरणी करीत.

कागद मिळाला म्हणजे काम संपले, असे नसे. मोडी पत्रावर बहुधा तारीख व महिना असे, पण वर्ष नसे. पत्रात आलेली नावे, स्थळे व स्वाऱ्या इतर पत्रांशी ताडून ते वर्ष ठरवावे लागे. अशा रीतीने १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे तिचे एकूण २२ खंड निघाले. मराठवाड्यातील बीड येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. ती त्यांनी १९०९ साली छापली. एकट्याच्या हातून हे कार्य पुरे होणारे नव्हते. म्हणून १९१० साली खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले.

आज संगणकावर एक शब्द लिहिताच हजारो पाने क्षणार्धात पुढे येतात. परंतु काय शोधावयाचे आहे, हे आधी निश्चित केले नाही, तर हवे ते पान त्या गर्दीतच राहते. सापडलेले पान कोणी व केव्हा लिहिले, आणि दुसऱ्या पुराव्याशी ते जुळते काय, हेही आपणच पाहावे लागते. राजवाडे यांनी प्रत्येक कागदाच्या बाबतीत हेच केले.