वाफेला सुट्टी देणारा माणूस

लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गॅदरिंगच्या स्टॉलवर एक चकचकीत यंत्र आपण सगळ्यांनीच पाहिलंय. दुधात इन्स्टंट कॉफी आणि साखर घालायची, वाफेची नळी आत बुडवायची, फुर्रर्र असा दणदणीत आवाज काढायचा आणि फेसावर चॉकलेट पावडर भुरभुरायची. याला आपण एस्प्रेसो म्हणतो (बरेच जण एक्स्प्रेसो म्हणतात). चवीबद्दल आपली काही तक्रार नाही. पण मित्रांनो, गंमत अशी की ज्या माणसामुळे आजची खरी एस्प्रेसो जन्माला आली, त्याने आपली सगळी अक्कल कॉफीतून वाफेला हाकलून देण्यासाठी खर्च केली!

त्याचं नाव आकिल्ले गाज्जा. जन्म 1895, गाव इटलीतलं मिलान. हा माणूस कॉफी विकणारा. मिलानच्या व्हिआले प्रेमुदा या रस्त्यावर त्याचा कॅफे होता. रोज गिऱ्हाईक समोर, रोज कप पुढ्यात. त्यामुळे आपल्या मालात काय खोट आहे हे त्याला कुणी रिपोर्ट लिहून सांगायची गरज नव्हती.

खोट होती ती यंत्रात. 1901 साली मिलानच्याच लुइजी बेझेराने झटपट कॉफीच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे देसिदेरिओ पावोनीने तशी यंत्रं बाजारात आणली. मोठा उभा बॉयलर, आत कोंडलेली वाफ, आणि त्या वाफेच्या जोरावर गरम पाणी कॉफीच्या पुडीतून ढकललं जायचं. कप पटकन भरायचा, पण कॉफी करपट आणि कडवट लागायची.

कारण थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या काही लेक्चर्समध्येच सापडेल. बंद बॉयलरमध्ये वाफेचा दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. त्या यंत्रांत दाब मिळायचा दीड बारच्या आसपास, आणि तेवढ्यासाठीसुद्धा पाणी 100 अंशांच्या वर तापवावं लागायचं. जास्त दाब हवा तर आणखी जाळ करा, म्हणजे कॉफी आणखी करपली. कॉफीला तर हवं असतं साधारण 90 ते 95 अंशांचं पाणी आणि भरपूर दाब. एकाच वाफेला दोन कामं सांगितली होती, तापवायचं आणि ढकलायचं. दोन्ही धड होत नव्हती.

गाज्जाचं शहाणपण इथेच आहे. त्याने बॉयलर आणखी मोठा केला नाही, बॉयलरला हातच लावला नाही. त्याने फक्त पाणी जिथून कॉफीत शिरतं तो भाग बदलायला घेतला. तापवायचं काम बॉयलरकडेच ठेवलं, ढकलायचं काम दट्ट्याकडे दिलं. 5 सप्टेंबर 1938 रोजी त्याने वाफेविना कॉफी काढण्याच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दट्ट्या स्क्रूसारखा फिरवून खाली न्यावा लागे. दट्ट्याची कल्पना मुळात त्याची एकट्याची नव्हती. क्रेमोनेसी नावाच्या एका तंत्रज्ञाने त्यावर आधी काम केलं होतं, असं कॉफीच्या इतिहासात सांगितलं जातं. शिवाय स्क्रू फिरवत बसायचं म्हणजे वेळही जाणार आणि हातही भरून येणार. तेवढ्यात महायुद्ध आलं आणि हे सगळं मागे पडलं.

1947 मध्ये त्याने दुसरं पेटंट मागितलं ते स्क्रू काढून स्प्रिंग आणि दांडा बसवून. दांडा खाली ओढला की दट्ट्या वर जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्याखाली गरम पाणी शिरतं. दांडा सोडला की स्प्रिंग दट्ट्याला खाली रेटते आणि पाणी कॉफीतून बाहेर पडतं. दाब मिळतो 9 बारच्या आसपास, म्हणजे 90 मीटर उंच पाण्याच्या टाकीखाली जेवढा मिळेल तेवढा. आता आकडेमोड करून बघा. दट्ट्याचा व्यास 5 सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ 20 चौरस सेंटीमीटरच्या जवळ जातं, म्हणजे स्प्रिंगचा जोर जवळजवळ 180 किलो! एवढं वजन एक पोरगा एका हाताने पेलतो, ही तरफेची कमाल. आणि जोर स्प्रिंगचा असल्यामुळे पोरगा दमलेला असो की ताजातवाना, कप सारखाच.

पण या कपावर एक पिवळसर तपकिरी साय दिसू लागली. दाबामुळे कॉफीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि कपात येताच बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडतो, त्याची ही साय. गिऱ्हाईक म्हणालं, हा कसला फेस? गाज्जाने माघार घेतली नाही. उलट तिला कॉफीची नैसर्गिक साय असं नाव देऊन तीच जाहिरातीत पुढे केली. ज्याला लोक दोष समजत होते तीच पुढे चांगल्या एस्प्रेसोची खूण ठरली.

1948 मध्ये कंपनी निघाली. सुरुवातीची यंत्रं एर्नेस्तो वालेंतेच्या फाएमा कारखान्यात बनली, पण दोघांचं फार काळ जमलं नाही. 1953 साली लंडनच्या सोहो भागात मोका बार उघडला, त्याच्या उद्घाटनाला नटी जिना लोलोब्रिजिदा आली होती, आणि काउंटरवर यंत्र होतं गाज्जाचं. त्याच दशकात कंपनीने घरगुती यंत्रही काढलं, नाव जिल्दा.

1961 साली गाज्जा गेला. त्याच वर्षी वालेंतेच्या फाएमाने ई-61 आणलं. त्यात स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप होता. ज्याने वाफेची नोकरी घालवली, त्याच्या स्प्रिंगचीही नोकरी गेली. मात्र पंपाने काम तेच पुढे नेलं, तापवणारा वेगळा आणि ढकलणारा वेगळा. दाबही 9 बारच्या आसपासच राहिला.

आणि दांडा काही मेला नाही. त्याच 1961 सालची पावोनी कंपनीची युरोपिकोला आजही लोकांच्या ओट्यावर दिसते. हिच्यात स्प्रिंगसुद्धा नाही, जोर सगळा आपल्या हाताचा. हौशी मंडळी तिच्यात सतत काहीतरी करत असतात. कुणी दट्ट्याची सीलं बदलतो, कुणी दाब कळावा म्हणून गेज बसवतो. दोन-तीन कपांनंतर पुढचा भाग फार तापतो, म्हणून कुणी तिथे थर्मामीटर चिकटवतो, तर कुणी बॉयलरची उष्णता अडवायला मध्ये प्लास्टिकची चकती घालतो. म्हणजे भांडण अजून तेच, दाब हवा पण जास्तीचा ताप नको.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला आपण अख्खं यंत्र नव्याने बनवायला निघतो आणि सबमिशनच्या आठवड्यात एक वायसर गळत बसतो. त्या वेळी या कॅफेवाल्याची आठवण काढावी. कुठला भाग दोन माणसांचं काम एकटा करतोय, एवढं त्याने हुडकलं, आणि त्याचं एक काम काढून दुसऱ्याला दिलं. स्टॉलवरची फुर्रर्र कॉफी मात्र जरूर प्या. तीही छानच असते, फक्त ती एस्प्रेसो नसते!