न्यूटनचेच आकडे वापरून न्यूटनला चूक ठरवणारा डॉक्टर : थॉमस यंग

पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेर साचलेल्या पाण्यावर तेलाचा रंगीबेरंगी तवंग सगळ्यांनीच पाहिलाय. पण त्या रंगांवरून तवंग किती पातळ आहे हे मोजता येतं, असं सांगितलं तर?

यामागचं गणित जगाला समजावून सांगणारा माणूस पेशाने डॉक्टर होता. नाव थॉमस यंग.

१३ जून १७७३ ला इंग्लंडमधल्या मिल्व्हर्टन गावात त्याचा जन्म झाला. दहा भावंडांत थोरला. दोन वर्षांचा असतानाच वाचायला शिकला. शिक्षण घेतलं वैद्यकीचं, पण डोकं सगळीकडे चालायचं. डोळा जवळचं आणि लांबचं कसं पाहतो यावर निबंध लिहिला आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

आता मूळ मुद्दा. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवलं की दोन्ही जिथे टेकतात त्याभोवती रंगीत कडी दिसतात. न्यूटनने ही कडी मोजली होती. भिंगाच्या गोलाईवरून कोणत्या कड्याखाली हवेची फट किती, याचा हिशोबही मांडला होता. पण न्यूटनच्या मते प्रकाश म्हणजे कण, आणि कणांनी कडी कशी तयार होतात हे सांगताना ओढाताण व्हायची.

१८०१ मध्ये यंगने सांगितलं, प्रकाश ही लाट आहे. एक लाट भिंगाच्या खालच्या बाजूवरून परतते, दुसरी खालच्या काचेवरून. दुसरीला फटीतून जाऊन परत यायचं असतं, म्हणजे फटीच्या दुप्पट अंतर जास्त. वर येताना दोघींचे उंचवटे जुळले तर उजेड. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर अंधार. म्हणून एका काळ्या कड्यापासून पुढच्या काळ्या कड्यापर्यंत फट अर्ध्या तरंगलांबीने वाढते.

गंमत म्हणजे यंगने यासाठी न्यूटनचीच मोजमापं घेतली. त्यावरून लाल प्रकाशाची तरंगलांबी निघाली इंचाचा सुमारे ३७ हजारावा भाग, तर जांभळ्याची सुमारे ६० हजारावा. आजचे आकडेही याच्या जवळपासच आहेत.

पण न्यूटनच्या देशात न्यूटनला चूक म्हणणं सोपं नव्हतं. १८०३ मध्ये 'एडिंबरा रिव्ह्यू'मध्ये हेन्री ब्रूअमने नाव न देता त्याच्या कामाची खिल्ली उडवली. यंगने उत्तरादाखल पुस्तिका छापली. तिची एकच प्रत खपली, असं त्यानेच पुढे नोंदवलं. विज्ञानाच्या नादात डॉक्टरकी बुडू नये म्हणून त्याने बरंच लिखाण नाव न टाकता छापलं. मग तो इजिप्तच्या चित्रलिपीकडे वळला आणि रोझेटा शिलालेख उलगडण्यातही त्याचा वाटा राहिला.

दरम्यान फ्रान्समध्ये ऑगस्टिन फ्रेनेलने लाटांचं भक्कम गणित मांडलं आणि यंगचं म्हणणं मान्य होऊ लागलं. हे त्याला हयातीत पाहता आलं. १० मे १८२९ ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं, तेव्हा तो ५५ वर्षांचा होता.

आज हाच हिशोब उलटा लावतात. प्रकाशाची तरंगलांबी माहीत असते, फट शोधायची असते. तपासायच्या भागावर अगदी सपाट काच ठेवून सोडियमचा पिवळा प्रकाश टाकला की काळे पट्टे दिसतात. दर पट्ट्यागणिक फट ०.२९ मायक्रॉनने बदलते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दोनशेवा भाग. पट्टे सरळ आणि सारख्या अंतरावर असले तर भाग सपाट. वाकडे झाले तर कारागिराला कळतं, अजून घासायचं बाकी आहे.